फोन विचारा, फाळणी मिळवा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसासाठी मोबाइल घ्यायचाय? १५,०००च्या आत? मग चुकूनही दुकानात जाऊ नका. दुकानातला पोरगा दोन-तीन फोन काचेवर काढून ठेवेल, त्यातला एक तुम्ही घ्याल, तो स्क्रीनगार्ड चिकटवून देईल आणि अर्ध्या तासात तुम्ही घरी. यात कसली आलीये मजा? त्यापेक्षा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा.

मी विचारलं. गेल्या मंगळवारी रात्री पावणेनऊला, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. मेसेज असा होता: "वाईला आईसाठी फोन घ्यायचाय. बजेट १५,०००. रिंग मोठ्याने वाजली पाहिजे, अक्षरं मोठी दिसली पाहिजेत, बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे. कुठला घेऊ?"

रात्री साडेबाराला पाहिलं तर २१४ मेसेज. त्यात चीन होता, पंडित नेहरू होते, ईव्हीएम होतं, टायटॅनियम होतं. माझी आई कुठेच नव्हती.

या तपश्चर्येतून जे ज्ञान मिळालं ते तुमच्यापुढे ठेवते. उगाच स्वतःपाशी ठेवून काय करू?

सगळ्यात आधी, प्रश्न वाचू नका. वाचला की उत्तर द्यावंसं वाटतं, आणि उत्तर दिलं की विषय संपतो. ७०४वाल्यांचं बघा. माझ्या मेसेजनंतर चाळिसाव्या सेकंदाला त्यांचं आलं, "ताई, बजेट थोडं वाढवा, सेकंडहँड आयफोन बसेल. एकदा घेतला की चार वर्षं बघायला नको." थोडं म्हणजे किती, तर दुप्पट. आणि माझी आई ७३ वर्षांची आहे. ती व्हिडिओ कॉल उचलते आणि फोन सरळ कानाला लावते. गेली पाच वर्षं आम्ही दर रविवारी तिचा उजवा कान आणि त्यातली कुडी बघतो आहोत. त्या कानासाठी तीन कॅमेरे कशाला?

पण असं विचारायचं नसतं. विचारलंत तर पुढचा धडा आपोआप सुरू होतो: फोन ही वस्तू नसून कुलदैवत आहे. एकदा हप्त्यावर घेतला की त्याची कंपनी तुमची, तिची अब्रू तुमची, तिच्या शत्रूंशी वैर तुमचं. ७०४ ॲपलचे, ३०२ सॅमसंगचे. ऑक्टोबर २०२०मध्ये आयफोन १२ आला आणि ॲपलने डब्यातला चार्जर काढून टाकला, तेव्हा ३०२ने ग्रुपवर आठवडाभर टिंगल केली होती. खुद्द सॅमसंगनेही फेसबुकवर चिमटा काढला होता. मग जानेवारी २०२१मध्ये सॅमसंगच्या एस२१च्या डब्यातूनही चार्जर गायब. ३०२ने त्याच रात्री लिहिलं, "पर्यावरणाचा विचार करायला नको का?" तिकडे ॲपलने जुन्या आयफोनचा वेग बॅटरी थकली म्हणून आपणच कमी करत असल्याचं डिसेंबर २०१७मध्ये कबूल केलं, तर ७०४ म्हणाले, "ही काळजी आहे हो काळजी!" आणि कित्येक आयफोनचा स्क्रीन सॅमसंगच्याच कारखान्यातून येतो. त्या दोघांचं तिकडे मजेत चाललंय. इकडे हे दोघे पार्किंगमध्ये एकमेकांशी बोलत नाहीत.

"मी अठरा वर्षं आयटीत आहे" हे वाक्य कीबोर्डमध्ये साठवून ठेवा. एका अक्षरात उमटलं पाहिजे.

काहीच सुचलं नाही तर "गुगल करा" म्हणा.

"मी कुठल्याच पक्षाचा नाही, पण..." अशी सुरुवात केली की पुढे वाटेल त्या पक्षाचं लिहायला मोकळीक. शेवटी हात जोडलेला इमोजी. तो लावल्यावर आईबहीणही सभ्यतेत मोडते.

आता मुख्य अस्त्र: बहिष्कार. हे नीट शिकून घ्या, कारण इथे फोन आणि राजकारण एकाच फोडणीत पडतात. कुणी १५,०००च्या आतल्या फोनचं नाव घेतलं रे घेतलं की टाका, "चिनी माल? आपले जवान सीमेवर असताना?" हा मेसेज चिनी फोनवरून टाइप केला तरी चालतो, ग्रुपवर फोनची पाठ दिसत नाही. लिफ्टमध्ये दिसते. बी-विंगचे काका रोज सकाळी माझ्या शेजारी उभे असतात आणि त्यांच्या हातातल्या फोनच्या पाठीवरचं नाव मी तळमजल्यापर्यंत वाचत येते. हेच काका जून २०२०मध्ये, गलवाननंतर, गेटपाशी चिनी मालाची होळी करणार होते. २९ जूनला सरकारने टिकटॉकसकट ५९ ॲपवर बंदी घातली तेव्हा त्यांना आणखी चेव आला. होळीसाठी माल जमला तो असा: दिवाळीच्या दोन माळा, एक बंद पडलेली पॉवर बँक आणि कुणाच्या तरी नातवाची चाकं तुटलेली गाडी. चालू स्थितीतली एक वस्तू नाही! आणि त्याच जूनमध्ये वनप्लसचा नवा महागडा फोन ऑनलाइन विक्रीला आला तो काही मिनिटांत संपला होता. कुणी घेतला? मी तर नाही घेतला.

"वनप्लस वेगळा हो, तो तसा चिनी नाही," इति ५०१. मग कसा आहे? ओप्पो, विवो, वनप्लस, रियलमी या सगळ्यांचं मूळ एकच, चीनमधल्या डोंगुआनची बीबीके कंपनी. मंगळवारी रात्री आमच्या इमारतीतले चार कर्ते पुरुष यातला कुठला फोन "कमी चिनी" यावर पाऊण तास भांडत होते. एकाच आजोबांची चार नातवंडं, आणि कुणाचा आजोबा चांगला यावर मारामारी.

समोरची बाजू काय कमी आहे? तिथे ६०३ बसलेले. त्यांचं म्हणणं, "मेक इन इंडिया म्हणजे नुसती जुळणी. सुटे भाग येतात कुठून ते विचारा." लगेच काका, "श्रीपेरुंबुदूरला जा, कोलारला जा, हजारो पोरी आयफोन जोडतायत, त्यांना सांगा नुसती जुळणी म्हणून." आता यात दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे. जुळणीने रोजगार मिळतो हे खरं, आणि चिप अजून तैवानहून येते हेही खरं. दोघांनी मिळून दहा मिनिटं शांतपणे बोललं असतं तर मलाही चार गोष्टी कळल्या असत्या. पण ६०३ला काकांचं मत बदलायचं नव्हतं आणि काकांना तर मत नव्हतंच, फॉरवर्ड होता. त्यामुळे पावणेदहाला आम्ही १९६२मध्ये पोचलो, दहाला पंचशील करारावर आणि सव्वादहाला फाळणीवर. माझा कुकर केव्हाच गार झाला होता.

बरं, बहिष्कार नेहमी दुसऱ्याच्या १५,०००वर का असतो? आईच्या पेन्शनीत जो फोन बसतो तो नेमका चिनी कंपनीचा निघतो. ते पैसे तिने गॅसच्या सिलिंडरपासून भिशीपर्यंत सगळं सांभाळून बाजूला टाकलेत. देशभक्ती तिने करायची, आणि तुम्ही चिनी मोबाइलवर चिनी इअरफोन लावून तिला धडे द्यायचे! स्वतःच्या खिशाला तोशीस लागेल तिथे काकांचं राष्ट्र लगेच उदार होतं.

स्वदेशीचंच चाललंय तर स्थलांतराचंही सांगून टाकते. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी आणल्या आणि आमचा अख्खा ग्रुप सिग्नल ॲपवर निघाला. मग ट्विटरला स्वदेशी पर्याय म्हणून कू गाजलं. ते जुलै २०२४मध्ये बंद पडलं, आमच्याकडे कुणाला पत्ताही लागला नाही. २०२५च्या सप्टेंबरात मंत्र्यांनी झोहो या भारतीय कंपनीचं कौतुक केलं आणि काकांनी तिच्या अरट्टाई ॲपवर ग्रुप काढला. ८७ पैकी ३१ जण गेले. पाच दिवस एकमेकांना "आलात का?" विचारलं, दोन सुप्रभात झाले, एक वाढदिवस झाला. मग सगळे परत आले आणि व्हॉट्सॲपवर सांगू लागले, "तिकडे कुणी नसतं." अरट्टाई म्हणजे तमिळमध्ये गप्पा. आम्हाला गप्पा कुठे मारायच्या असतात?

असो. ईव्हीएम.

फोनच्या चर्चेत ईव्हीएम कसं आणावं? सोपं आहे. "आपलं मत कुठे जातं ते माहीत नाही आणि फोनचं काय घेऊन बसलात?" झालं. यासाठी तंत्रज्ञान यायची गरज नाही, फक्त स्मरणशक्ती कमी हवी. नोव्हेंबर २०१६मध्ये २,०००च्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, असं ज्यांनी आम्हाला छातीठोक सांगितलं तेच आज ईव्हीएम कशालाही जोडलेलं नसतं, म्हणून हॅक होऊच शकत नाही, यावर व्याख्यान देतात. आणि तेव्हा चिपवर पोट धरून हसलेले ६०३ आज म्हणतात की ब्लूटूथवरून मतं फिरवतात. २,०००ची नोट मे २०२३मध्ये मागे घेतली, चिपचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. २००९मध्ये लोकसभा हरल्यावर यंत्रावर शंका घेणारे भाजपचे अडवाणी होते, हेही कुणाला आठवत नाही. हरला की यंत्र खोटं, जिंकला की लोकशाही प्रगल्भ. शंका घेऊच नये असं कोण म्हणतंय? घ्या की. एका विधानसभा मतदारसंघातल्या पाचच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅटच्या (म्हणजे मत छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून ताडून बघतात. पाच पुरेत का, यावर खरा वाद घालता येईल. पण त्यासाठी काहीतरी वाचावं लागतं, आणि ग्रुपवर वाचणारा मी तरी अजून पाहिलेला नाही.

जुने मेसेज डिलीट करायला थोडा वेळ राखून ठेवा, विशेषतः महाराष्ट्रात राहत असाल तर. २३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटेच्या शपथविधीपासून आमच्या ग्रुपवर कोण कुणाला गद्दार म्हणत होतं आणि आता कोण कुणाच्या वाढदिवसाचे फलक फॉरवर्ड करतंय, याची जुळणी लावायची तर कोलारच्या पोरीच बोलवाव्या लागतील.

हं, आता गुरुवार. गुरुवार म्हटल्यावर पुणेकराला पुढचं सांगावं लागत नाही.

मंगळवारी रात्री वैतागून मी ग्रुप आठवड्यासाठी म्यूट केला होता. चूक माझी, मान्य. बुधवारीही वाद चालूच होता. संध्याकाळी ७.१०ला, ईव्हीएम आणि आयफोनचं टायटॅनियम यांच्या बरोब्बर मध्ये, सेक्रेटरींचा मेसेज आला होता: "उद्या गुरुवारी दिवसभर पाणी बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल. आज रात्री भरून ठेवावे." ७.११ला ७०४चं उत्तर: "टायटॅनियमची ताकद तुम्हाला नाही कळणार." ७.१२ला माझा सख्खा नवरा! आतल्या खोलीत बसून! "बरोबर आहे सर." पाण्याच्या मेसेजवर एक अंगठा नाही.

गुरुवारी सकाळी पावणेसातला मी डोक्याला शांपू लावून उभी आणि नळ खोकला. दोनदा खोकला आणि गप्प झाला.

माझं सोडा. मी पिंपातल्या पिण्याच्या पाण्याने डोकं धुतलं आणि ऑफिसला गेले. पण तळमजल्यावर आजोबा दोन वर्षं अंथरुणात आहेत. आजींकडे व्हॉट्सॲप नाही. पाणी जाणार असलं की कुणीतरी दार वाजवून सांगतं, अशीच पद्धत आहे. या वेळी कुणी वाजवलं नाही. चादरी बदलायच्या होत्या, त्यांना पुसायचं होतं, आणि घरात दोन बादल्या. ६८ वर्षांची बाई शेजारच्या सोसायटीच्या बोअरवरून कळशी आणत होती. आमचा वॉचमन मदतीला होता. तुम्ही नव्हता. तुम्ही सगळे जागे होता, ऑनलाइन होता, मेसेज तुमच्या डोळ्यांसमोरून वर सरकत गेला आणि तुम्ही नेहरूंना जाब विचारत होता.

काय रे, लाज नाही वाटत? अठरा वर्षं आयटीत काढलीत ना, मग तीन ओळींचा मेसेज वाचता येत नाही? काका, तुमचा जिना उतरला की आजींचं दार. देशासाठी जीव द्यायला निघालात, बारा पायऱ्या उतरवत नाहीत? आणि ६०३, तुम्हाला शोषितांची फार काळजी ना? एक बादली घेऊन यायचं होतं खाली. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला संविधान, आणि मधल्या मध्ये म्हातारी कळशी घेऊन पायऱ्या चढतेय! ॲपलचा टिम कुक तुम्हाला पाणी पाठवणार नाही आणि दिल्लीवालेही नाहीत, मुंबईवालेही नाहीत. नवऱ्याला काय म्हणायचं ते मी घरात म्हणून झालंय. शनिवारपासून पाण्याची पिंपं तोच भरतोय.

यापुढे ग्रुपवर फोनही विचारणार नाही, मिक्सरही विचारणार नाही. पाण्याचा मेसेज आला की मीच खाली जाऊन दार वाजवीन.

आईचं म्हणाल तर तिला फोन मिळाला. तिनेच शनिवारी वाईच्या बाजारपेठेत जाऊन घेतला, भावातून पाचशे रुपये कमी करून. "कुठला घेतलास?" विचारलं, तर म्हणाली, "निळा."

कंपनी मी तिच्या शेजारणीकडून काढून घेतलीये. सांगणार नाही.