‘एक एम.डी.’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर,

पारंपरिक चिनी वैद्यकात रुग्णाच्या जगण्याचा दर्जा कसा मोजतात, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी इथे देते, म्हणजे बाकीच्या वाचकांना संदर्भ लागेल. “ताई, हा तुमचा प्रांत नव्हे. डोळ्यांतलं तेज मोजायला कुठलं मीटर आणलंय? रुग्णाच्या भावनांना आकडे चिकटवून शास्त्र होत नसतं. खोट्या सुया टोचल्या तरी तेवढंच बरं वाटतं, चिनी जडीबुटीने लोकांच्या किडन्या गेल्यात, आणि हे सगळं तिथल्या सरकारचं मार्केटिंग आहे. एवढा लांबलचक लेख पाडण्याआधी कुणा डॉक्टरला विचारायचं होतं.”

लेख लांबला, हे मान्य. मधला इतिहासाचा भाग निम्म्यावर आणता आला असता.

बाकीचं मान्य नाही, आणि सूर तर मुळीच नाही. कुणाला ताई म्हणायला ओळख लागते, नाहीतर आपुलकी. तुमच्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं. बाईमाणसाला गप्प बसवायला वापरतात तसं ते ‘ताई’ होतं, आणि ते मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पुष्कळ ऐकलंय. मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. त्याच लेखाखाली एका वाचकाने तुमच्याहून अवघड प्रश्न विचारलेत, पण नीट विचारलेत, आणि मी त्यांना नीट उत्तरं दिली आहेत. तुम्ही नाव लपवून पदवी तेवढी पुढे केलीत. पदवी सांगायची तर नावासकट सांगावी.

आता प्रांताचं. एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅन्सर विभागात मी बरीच वर्षं स्टडी कोऑर्डिनेटर होते. डे-केअरमध्ये केमो चालू असताना पेशंटच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायचं आणि प्रश्नावली भरून घ्यायची, हे माझं काम. ज्यांना वाचता येत नसे त्यांना प्रश्न वाचून दाखवायचे. राउंडला आलेले डॉक्टर “काय, बरं आहे ना?” विचारून पुढच्या खाटेकडे जात आणि पेशंट “हो साहेब” म्हणत. तोच पेशंट पाच मिनिटांनी मला सांगायचा की रात्रभर डोळा लागत नाही, घास गिळवत नाही. केस पेपरवर मात्र ‘तक्रार नाही’ असं लिहिलेलं असायचं. तेव्हा रुग्णाला कसं वाटतंय हे कसं विचारावं आणि कसं नोंदवावं, हा प्रांत माझाच आहे.

तुमच्या मीटरच्या वाक्याकडे येते. ज्या प्रश्नावलीबद्दल मी लिहिलं, ती हाँगकाँग आणि ग्वांगझूच्या संशोधकांनी मिळून तयार केली आणि २००५ साली प्रसिद्ध केली. तिच्यात ५० प्रश्न आहेत, १३ पैलूंमध्ये वाटलेले, आणि त्यांचे तीन मोठे भाग: शरीर, चैतन्य, भावना. शरीरात चेहऱ्याचा वर्ण, झोप, दमसास, भूक आणि पचन, हवामान सोसण्याची ताकद. चैतन्यात भान, विचार, बोलणं आणि डोळ्यांतलं तेज. भावनेत आनंद, राग, खिन्नता, भीती आणि काळजी. या १३ पैलूंपैकी तुम्ही नेमका एक उचललात, ज्याच्यावर हशा पिकेल असा. भूक उचलली नाहीत, झोप उचलली नाहीत, कारण त्यांच्यावर हसता आलं नसतं.

वेदनेचं तरी मीटर कुठे आहे? शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, हे तुमच्या प्रत्येक वॉर्डात विचारतात आणि त्या उत्तरावर मॉर्फिनचा डोस वाढतो किंवा कमी होतो. तिथे रुग्णाच्या शब्दाला आकडा दिलेला तुम्हाला चालतो. तोच रुग्ण निस्तेज वाटतंय म्हणाला की ते शास्त्र उरत नाही. हा फरक तुम्ही कशावर केलात, ते प्रतिक्रियेत कुठेच नाही.

आणि कुणीही उठून आकडा चिकटवत नसतं. तब्येतीत बदल नसलेल्या माणसाला काही दिवसांनी तोच प्रश्न विचारला, तर उत्तर साधारण तेच यावं लागतं. एका पैलूचे प्रश्न एकमेकांना धरून चालावे लागतात. आजारी आणि धडधाकट माणसांचे गुण वेगळे पडावे लागतात. तब्येत सुधारली तर गुण हलावे लागतात. ज्या प्रश्नाला हे जमत नाही तो गळतो. डोळ्यांतलं तेज या कसोट्यांवर पडत असेल तर खुशाल पाडा, पण आकडे दाखवून पाडा.

युरोपात कॅन्सरच्या रुग्णांसाठी केलेली ३० प्रश्नांची जी प्रश्नावली जगभर वापरतात, तिचंही असंच आहे. बहुतेक प्रश्नांना ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार उत्तरं, त्यांचे ० ते १०० गुण. ५ ते १० गुणांचा फरक पडला तर रुग्णाला तो थोडासा जाणवतो, २० च्या वर गेला तर मोठा. हे रुग्णांनाच विचारून ठरवलेलं आहे. तीच प्रश्नावली मी भरून घेत असे. तिचा पहिलाच प्रश्न असा, की सामानाची जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्यासारखी कष्टाची कामं करताना त्रास होतो का. एक मावशी होत्या, गाव दूर, हातावर सलाईनची पट्टी. मी वाचलं तर म्हणाल्या, “सुटकेस मी कधी उचलली गं? हंडा विचार की.” हंडा विचारला तेव्हा कळलं, की दोन महिन्यांपासून पाणी सून भरते आणि ते यांच्या जिवाला लागून राहिलंय. छापील प्रश्न जसाच्या तसा विचारला असता तर त्यांनी ‘अजिबात नाही’वर खूण करायला सांगितली असती.

प्रश्न ज्या-त्या माणसांच्या जगण्यातला असावा लागतो, हेच चिनी संशोधकांनी ओळखलं, एवढंच माझ्या लेखाचं म्हणणं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जगण्याच्या दर्जाची १०० प्रश्नांची प्रश्नावली बांधली, तेव्हा मूळच्या १५ केंद्रांत दिल्ली होती, मद्रास होतं, चीनमधलं एकही नव्हतं. पुढे तिची २६ प्रश्नांची आटोपशीर आवृत्ती तैवानला गेली तेव्हा तिथल्या लोकांनी त्यात दोन प्रश्न घातले आणि ती २८ ची केली: चारचौघांत तुमचा मान राहतो असं वाटतं का, आणि खावंसं वाटतं ते खायला मिळतं का. हे प्रश्न खुळचट आहेत असं म्हणायची तुमची तयारी आहे का?

हवामान सोसण्याच्या पैलूला तर तुम्ही हातही लावला नाहीत. चीनमधल्या मिंग राजवटीच्या काळातला वैद्य झांग जिंग्युए याने रुग्णाला विचारायच्या दहा प्रश्नांची जी यादी घालून दिली, तिच्यात पहिला प्रश्न थंडी वाजते की उष्णता होते हा आहे, दुसरा घामाचा. आता ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असलेला पेशंट आठवा, तुम्ही पाहिलेच असतील. फ्रीजच्या दाराला हात लागला तरी झिणझिण्या येतात, गार पाण्याचा स्टीलचा पेला धरवत नाही, घशाला गार हवा सोसत नाही. ३० प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत गारठ्याबद्दल एकही प्रश्न नाही. मी भरून घेतलेल्या कागदांवर ही माणसं ठीकठाक दिसायची आणि समोर हातमोजे घालून बसलेली असायची. जुन्या चिनी वैद्याने जे सगळ्यात आधी विचारलं ते आपण शेवटीही विचारत नव्हतो. यात जडीबुटीची भलामण कुठे आली?

विचारून काय साधतं, हेही सांगते. न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर रुग्णालयात ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने केमोच्या काळात आपली १२ लक्षणं स्वतः संगणकावर नोंदवायची आणि एखादं बळावलं की नर्सला कळायचं. दुसऱ्याला नेहमीची देखभाल. २०१७ साली निकाल छापून आले: नोंदवणाऱ्या गटातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे २६ महिन्यांहून जास्त. औषधं तुमचीच, फक्त रुग्णाला विचारलं गेलं. माझ्यासमोर हे निकाल आले तेव्हा त्या स्टुलावर घालवलेल्या दुपारी कशासाठी होत्या ते मला कळलं. त्याला तुम्ही भावनांना आकडे चिकटवणं म्हणता, याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

उलट त्याच लेखात मी चिनी चाचण्यांवर टीका केली आहे, ती तुम्ही वाचलेली दिसत नाही. तिथल्या कितीतरी चाचण्यांत ‘जगण्याचा दर्जा सुधारला’ असं लिहितात आणि आत पाहावं तर कार्नोफ्स्कीचा आकडा, म्हणजे रुग्ण रोजची कामं कितपत करू शकतो याला ० ते १०० मध्ये दिलेला गुण, दहाने वाढलेला असतो. तो आकडा डॉक्टर भरतो. रुग्णाला कुणी काही विचारलेलंच नसतं.

उरलेलं थोडक्यात. सुयांचं, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरचं: जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरची चाचणी २००७ साली आली. सहा महिन्यांनी चिनी पद्धतीच्या सुयांनी ४७.६ टक्क्यांना गुण आला, वरवर टोचलेल्या खोट्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, आपल्या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. यावर भांडायचं तर तिसरा आकडाही सोबत घ्या. माझा लेख सुयांवर नव्हता. किडन्यांचं: १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवायच्या गोळ्यांतल्या वनस्पतीने किडन्या गेल्या, खरं आहे, पण त्या वनस्पती निर्धोक आहेत असं मी कुठेही लिहिलेलं नाही. चिनी सरकारबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पुढे लिहायचं असेल तर त्या ५० पैकी कुठला प्रश्न कुठल्या कसोटीवर पडतो ते लिहा, आणि खाली नाव लावा. निनावी प्रतिक्रिया यापुढे मी इथे ठेवणार नाही.