पोरगं नाकासमोर चालायला लागलं तर

पोरगं दहावीत गेलं की घरात काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. क्लासची फी भरली जाते, मोबाइलला पासवर्ड बसतो, पाहुण्यांना ‘यंदा येऊ नका’ असं गोड शब्दांत कळवलं जातं. खरा धोका मात्र कुणी सांगत नाही. चौदावं-पंधरावं वर्ष फार वाईट. या वयात मिसरूड फुटतं, आवाज फुटतो आणि एखाद्याला त्याच सुमाराला तोंडही फुटतं. म्हणजे पोरगं खरं बोलायला लागतं. तुमच्या घरी असं काही दिसत असेल तर हातावर हात ठेवून बसू नका. या विषयात आमचा अनुभव दांडगा आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

सुरुवात प्रकल्पापासून करा. शाळेपासून हाकेच्या अंतरावर झेरॉक्सचं एक दुकान असतंच. तिथं जाऊन फक्त म्हणायचं, ‘पंचगंगा प्रदूषण आहे का?’ दुकानदार मान वर न करता विचारेल, ‘धा पानी का ईस पानी?’ वीस पानी घ्या. त्याला स्पायरल असतं, रंगीत मुखपृष्ठ असतं, आत जलपर्णीचा फोटो आणि पन्नास कुटुंबांच्या सर्वेक्षणाचा वृत्तालेख असतो. वृत्तालेखातला सगळ्यात मोठा हिरवा तुकडा जागरूक नागरिकांचा. गेल्या साली ज्या पोरानं हाच प्रकल्प नेला, त्याचेही नागरिक तेवढेच जागरूक होते. फक्त चौथ्या पानाच्या तळाला त्या पोराचं नाव राहिलेलं असतं, तेवढं व्हाइटनर लावून घ्या. मागच्या खेपेला एका मुलीच्या प्रस्तावनेत ‘मी, इयत्ता नववीचा विद्यार्थी’ असं राहिलं होतं. सरांनी त्याच्यावरच ‘उत्तम’ असा शेरा मारला.

आता अडचण अशी की तुमचं पोरगं रोज सायकलनं आपल्या कोल्हापूरच्या जयंती नाल्याच्या पुलावरनं शाळेला जातं. पुलावर आलं की एका हातानं नाक धरतं, दुसऱ्या हातानं हँडल. नाल्याचं पाणी पुढं कुठं जातं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. नाल्याचं नाव त्यात नसतं. सरस्वती गुप्त आहे हे ठीक, पण नाला तर उघड्यावर वाहतोय, असं पोरानं विचारलं तर काय सांगाल? आणि उद्या त्यानं पुलावर पाच मिनिटं थांबून, बघितलं तेवढंच आपल्या हातानं दोन पानं लिहिलं तर? मग सरांना ते वाचावं लागणार. वाचल्यावर त्यावर काहीतरी बोलावं लागणार. एका पोराच्या हौसेपायी इतक्या माणसांना त्रास कशाला? वीस पानी घ्या आणि मोकळे व्हा.

प्रकल्पाचे गुण जातात त्या शाळेच्या हातातल्या २० गुणांत. लेखी ८०, अंतर्गत २० आणि पास व्हायला ३५. या २० गुणांचं मोल काय, ते बोर्डानं एकदा प्रयोग करून दाखवलंय. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे गुण काढून घेतले आणि पेपर पुऱ्या १०० चा केला. अभ्यासक्रमही त्या साली नवा होता. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता, तो धाडकन ७७.१० वर आला. महाराष्ट्रात एवढा हलकल्लोळ झाला की पुढच्या परीक्षेला २० गुण परत, आणि निकाल ९५.३० टक्के! त्या साली करोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे कबूल. पण एका भूगोलानं एवढा डोंगर चढत नाही. तेव्हा तोंडी परीक्षेसाठी पोराची तयारी करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. तिथं नाव विचारतात, ‘बाबा काय करतात?’ विचारतात आणि १८ देतात. पोराला एखादी कविता खरोखरच पाठ असेल आणि ती म्हणून दाखवायची हौस असेल तर घरूनच दम द्या. मागं अख्खा वर्ग रांगेत उभा असतो.

रजेच्या अर्जाबद्दल जास्त लिहीत नाही, त्यात आपण सगळे पारंगत आहोत. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जायचं आणि अर्जात ‘ताप व जुलाब’ लिहायचं, ही रीत पिढ्यान् पिढ्यांची. वर्गशिक्षक अर्ज वाचून सही करतात, कारण पोराच्या केसातला गुलाल त्यांना दिसतोय आणि त्यांच्या कानामागचा पोराला. दोघंही आजारी होते.

परीक्षेच्या दालनाबद्दल मात्र बोलायला हवं. मायक्रो झेरॉक्स नावाची कला आपल्याकडं फार पुढं गेलीय. इतिहासाचा अख्खा धडा आगपेटीच्या एका बाजूवर मावतो, आणि तो लहान करून आणायला बापच जातो, कारण पोराला दुकानात जायला लाज वाटते. गैरप्रकारांविरुद्ध राज्याचा कायदा १९८२ पासून आहे, केंद्राच्या आसपासची झेरॉक्स बंद ठेवतात, भरारी पथकं फिरतात, कॉपीमुक्त अभियानाची शपथ होते. शपथ पोरांना देतात. तिचा मजकूर पालकांपैकी कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. तो आपल्यासाठी नसतोच.

इथं एक शंका येईल, कारण आपण पडलो कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हापासून आपल्याला खरी कुस्ती आणि आधीच ठरवून लढलेली नूरा कुस्ती यातला फरक पोटातच कळतो. आखाड्यात दोन पैलवान नुसते हात झटकत वेळ काढायला लागले की हाच बाप उठून उभा राहतो, बोंब ठोकतो, ‘ए, नूरा हाय, खाली उतरवा!’ म्हणून ओरडतो. तिकिटाचे पैसे परत मागतो. मग हाच माणूस पोराची बोर्डाशी नूरा ठरवायला कसा जातो? अहो, सोपं आहे. खासबागेत तो प्रेक्षक असतो. इथं पैलवान घरचा आहे.

आता अवघड भागाकडं येतो. सगळी काळजी घेऊनही पोरगं एखाद्या दिवशी घात करतं. आमच्याच गल्लीतली गोष्ट. नववीतलं पोरगं, मधल्या सुट्टीत टेनिस बॉलनं प्रयोगशाळेची काच गेली. शाळा कुठली ते राहू द्या. सरांनी वर्गात विचारलं, कुणी फोडली? सगळ्या वर्गानं रीतीप्रमाणं माना खाली घातल्या. यालाच संघभावना म्हणतात आणि ती शिकवायला आपण किती खस्ता खाल्ल्यात! सरांचंही सगळं ठरलेलं होतं, पुरा वर्ग पुढचा तासभर उन्हात उभा राहणार. तेवढ्यात हे पोरगं उठलं.

‘सर, बॉल माझा हुता. काच माझ्याच्यानं फुटली.’

सर गडबडले. कबुली आल्यावर काय करायचं, याची तजवीज कुठल्याच परिपत्रकात नाही. त्यांनी वडिलांना फोन लावला. वडील लक्ष्मीपुरीतलं दुकान उघडं टाकून धावत आले आणि दारातूनच म्हणाले, ‘आमचं पोरगं तसलं न्हाई हो सर.’

‘तसलं म्हणजे?’

‘म्हणजे फोडणारं.’

‘अहो, तो स्वतःच सांगतोय.’

‘तो काय, कायबी सांगतोय. ल्हान हाय.’

‘पप्पा, मीच फोडली,’ पोरगं म्हणालं. ‘गल्ल्यात पैसे हाईत माझ्या. मी देतो.’

घरी येताना गाडीवर बापानं एकच वाक्य ऐकवलं, ‘काच दोनशेची हुती, तू तोंड उघडून हजाराची केलीस.’ हे वाक्य लिहून ठेवा, फार उपयोगाचं आहे. आपण पोरांना खोटं बोल असं कधीच सांगत नाही, तेवढे संस्कार आहेत आपल्यावर. आपण फक्त खऱ्याचा भाव सांगतो.

पण नुकसान तिथंच थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर खेळणारी चार पोरं दप्तरातून पैसे घेऊन आली. बॉल ह्याचा असला तरी फुलटॉस आपण टाकला होता, असं त्यातल्या एकाचं म्हणणं. सरांनी पैसे घ्यायचे की नाही यावर शिक्षकांच्या खोलीत बराच खल झाला. बघा, एकानं तोंड उघडलं की बाकीच्यांचे हात खिशात जातात. म्हणून म्हणतो, पहिल्यालाच गप करा.

हा नाद पोरांना लागतो कुठं, याचा आम्ही बारकाईनं शोध घेतलाय. शाळेत लागत नाही, याची खात्री बाळगा. शाळेत पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर प्रतिज्ञा असते, ती रोज म्हटली जाते आणि म्हटल्यावर विसरली जाते, तिथं काही धोका नाही. धोका आहे गल्लीत.

गणपतीत तुमचं पोरगं मंडळाचं पावतीपुस्तक घेऊन फिरतं, तेव्हा त्याच्याकडं जरा लक्ष द्या. रात्री अकराला मांडवातल्या ट्यूबखाली चार पोरं गोल करून बसलेली असतात. मधे नोटांची चळत, चिल्लर वेगळी. हिशेबात चाळीस रुपये कमी. कुणी कुणावर ओरडत नाही, कुणी ‘जाऊ दे की लगा’ म्हणत नाही. एक जण स्थळप्रती वाचतोय, दुसरा बोटानं टिपतोय. साडेबाराला सापडतं, मागच्या बोळातल्या आजीला पावती एकशे एकची फाडली होती, तिनं एकसष्ट दिले आणि ‘बाकीचं उद्या ने रं बाळा’ म्हणाली. पावती फाडणारा ते वहीत लिहायचं विसरला होता. मग ते लिहिलं, खाली सही केली आणि पोरं घरी गेली. याच पोराच्या शाळेतल्या प्रयोगवहीत आठ प्रयोगांची निरीक्षणं शेजारच्या बाकावरून आलेली आहेत. दशांश चिन्हासकट.

आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. कोल्हापूरच्या पोराला हे आकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतात. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी वस्तीत घुसलं, तेव्हा ही पोरं, ज्यांना आपण दूध आणायला पाठवताना तीनदा बजावतो, छातीभर पाण्यात म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन निघाली. सिलिंडर, धान्याची पोती, कुणाची शेरडं. माणसं नेऊन ठेवली ती शाळेतच. वर्गाच्या फळ्यावर एरवी बडबड करणाऱ्यांची नावं लिहिलेली असतात. तिथं खडूनं कुटुंबांची नावं पडली, पुढं माणसं किती, शुगरची गोळी कुणाला, लहान लेकरू कुणाकडं. त्याला वर्गप्रमुख नव्हता, शेरा नव्हता, २० पैकी किती ते कुणी मांडलं नाही. पाणी उतरल्यावर फळा पुसला आणि घटक चाचणी लागली.

आता तुम्हीच विचार करा. ज्या पोराच्या हातात असला फळा एकदा आला, ते पोरगं उद्या बाकावर बसून दुसऱ्याची निरीक्षणं निमूट उतरवील का? काही उतरवतात, नाही असं नाही. आपल्या प्रयत्नांना अगदीच यश नाही, असं म्हणता यायचं नाही. पण भरवसा देता येत नाही. म्हणून दहावीच्या वर्षात मंडळ बंद, तालीम बंद, पावतीपुस्तक दुसऱ्याच्या पोराला द्या. पूर आला तर पोराला पुण्याला मावशीकडं पाठवा. तिथून ते सगळ्यांना काळजीचे संदेश पाठवील आणि प्रत्येक संदेशाखाली हात जोडलेले असतील. सामाजिक जाणीव एवढी पुरे.

एवढं पथ्य पाळून दहावी पार पडली की पुढं सगळा उतार. अकरावीला अशा ठिकाणी नाव घाला, जिथं नाव एका कॉलेजात आणि पोरगं दुसऱ्याच इमारतीतल्या क्लासमध्ये असतं. हजेरी आपोआप लागते. याच कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. आपण आता पोरानं कॉलेजात जाऊ नये म्हणून लाखभर आधीच भरतो आणि पावती मागत नाही. महाराजांच्या जयंतीला २६ जूनला मात्र दसरा चौकात जाऊन या. फोटो छान येतात.

शेवटचं काम शाळा सोडल्याच्या दाखल्याचं. खिडकीवर गर्दी असते, पण घाई करू नका, तिथल्या तिथं तपासून घ्या. जन्मतारीख बघा, आईचं नाव बघा, आडनावातली वेलांटी बघा, नाहीतर पुढं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. वर्तणुकीचा रकाना तेवढा सोडला तरी चालेल. तिथं ‘चांगली’ असं असतं. लिहिणारा कारकून पोराला ओळखत नाही.