‘पोलीस केस नको’ म्हणण्याआधी

आमच्या दाजींना उडवून गाडी पळाली ती २०२४ च्या डिसेंबरात. पहाटेची वेळ, दाट धुकं, स्कूटरवर मेथी-कोथिंबिरीची दोन पोती घेऊन ते बेळगावच्या मार्केटला निघाले होते. मागून काहीतरी मोठं आलं, एवढंच त्यांना आठवतं. ट्रक की टिप्पर, तेही सांगता येत नाही. नंबर तर दूरच.

मी पोचलो तोवर कुणीतरी त्यांना रिक्षात घालून नेलं होतं. रस्त्यावर मेथी पसरलेली आणि तिच्यात जाड पांढऱ्या काचेचे तुकडे. स्कूटरच्या हेडलाइटला साधा तडाही गेला नव्हता, म्हणजे ती काच पळालेल्या गाडीची. का कोण जाणे, मी ते तुकडे वेचून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले. जमलेल्यांत गावातले एक जाणते गृहस्थ होते. ते म्हणाले, “केस-बिस करू नका हां. माणूस वाचलाय, देवाची कृपा म्हणा. गाडी काय मिळणार नाही, स्टेशनच्या फेऱ्या मारून चप्पल तेवढं झिजतंय.” आक्कालाही ते पटलं, मलाही पटलं. खोटं कशाला बोलू?

दवाखान्यात मांडीचं हाड मोडल्याचं कळलं आणि काउंटरवर चाळीस हजार आधी भरा म्हणाले. आक्कानं हातातल्या पाटल्या काढल्या. मी ज्या पतसंस्थेत क्लार्क आहे तिथंच त्या तारण ठेवल्या. वजन लिहिलं मी, पावती लिहिली मी, आक्काची सही घेतली मी. बारा वर्षं हे काम करतोय, पण त्या दिवशी कार्बन पेपर सरळ बसवता येईना.

त्या माणसाचा सल्ला मनापासूनचा होता, हे मी आजही मानतो. आपल्याकडे खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जा, हीच समजूत. धडक देणारा पळाला म्हणजे विमा पळाला, पैसा पळाला, आता नशीब. माझं ठाम मत असं झालंय की अपघातानंतर घराचं सगळ्यात मोठं नुकसान या एका समजुतीनं होतं. गाडी पळाली तरी पैसे मिळायचे रस्ते शिल्लक असतात. आणि त्यातले बहुतेक सगळे एका कागदावरून जातात, तो म्हणजे एफआयआर.

आमची एफआयआर तिसऱ्या दिवशी झाली. दवाखान्यानं दाखल करतानाच एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद, केली होती, म्हणून तेवढ्या उशिरावर निभावलं. एफआयआर कन्नडमध्ये. आक्काला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मी तिला वाचून दाखवताना ‘अपरिचित वाहन’ या दोन शब्दांवर बोट ठेवलं. आपल्या मराठीत सांगायचं तर अज्ञात वाहन. हे दोन शब्द कागदावर आहेत की नाहीत ते सही करण्याआधी बघा. वाचता येत नसेल तर वाचता येणारा माणूस बरोबर न्या, यात लाजायचं काहीच नाही. एका ठिकाणी मी असंही पाहिलंय की घाईत ‘स्वतःहून घसरून पडला’ असं लिहिलं गेलं. मग पुढचं सगळंच संपलं.

त्या दोन शब्दांवर काय मिळतं? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली गाडी पळालेल्या अपघातात मृत्यू झाला तर दोन लाख आणि गंभीर दुखापत झाली तर पन्नास हजार. १ एप्रिल २०२२ पासून ही योजना आहे. त्याआधीच्या जुन्या योजनेत मृत्यूला पंचवीस हजार आणि दुखापतीला साडेबारा हजार होते. आणि हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापतच धरलं जातं, त्यामुळं ‘एवढ्याला काय मिळणार’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. अर्ज नमुना एकमध्ये करायचा, सोबत एफआयआरची प्रत, दवाखान्याचा जखमेचा दाखला किंवा शवविच्छेदनाचा अहवाल, ओळखपत्र, पासबुकाची झेरॉक्स. वकील लागत नाही.

आता सीमाभागातल्या माणसानं नीट लक्षात ठेवायची गोष्ट. हा अर्ज आपण राहतो त्या तालुक्यात करायचा नसतो, अपघात जिथं झाला त्या तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडं करायचा असतो. बाचीपर्यंत कर्नाटक, शिनोळी लागलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. कोगनोळीच्या पुढं कागल. एकाच रस्त्यावर पाच मिनिटांत राज्य बदलतं, पोलीस ठाणं बदलतं, कागदाची भाषा बदलते. त्यामुळं जागेचा फोटो काढताना मैलाचा दगड, दुकानाची पाटी, विजेचा खांब असं काहीतरी त्यात येऊ द्या. हद्द कुणाची यावर दोन ठाणी घोळ घालायला लागली तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते.

नियमाप्रमाणं चौकशीला एक महिना, मंजुरीला पंधरा दिवस, पैसे जमा व्हायला पंधरा दिवस. आम्हाला साडेसात महिने लागले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तिथल्या एका बाईंनीच शेवटी फाइल शोधून दिली. पण १२ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना या योजनेची लेखी माहिती द्यायची. लेखी! आम्हाला कुणी तोंडीही सांगितलं नाही. मला हे एका ओळखीच्या वकिलाच्या बोलण्यातून चहाच्या गाड्यावर कळलं. अशा माहितीसाठी आक्काला भावाच्या ओळखी लागाव्यात, याचा मला अजून राग येतो.

रकमेबद्दलही स्पष्ट बोलतो. दाजींची दोन ऑपरेशनं, मांडीत रॉड, फिजिओ धरून तीन लाखांच्या वर गेले. त्यात पन्नास हजार. रक्कम वरचेवर वाढवायचा विचार करा, असं न्यायालयानं त्याच निकालात सरकारला सांगितलंय. वाढवलीच पाहिजे. हातावर पोट असलेला माणूस चार महिने खाटेवर पडला तर पन्नास हजार किराण्यालाही पुरत नाहीत.

म्हणून दवाखान्याच्या दारातच काय बोलायचं ते माहीत असणं जास्त मोलाचं. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. रस्ता अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंतचा उपचार नोंदणीकृत दवाखान्यात पैसे न भरता. गाडी पळालेली असली तरी लागू आहे. मात्र योजनेत नसलेल्या दवाखान्यात जीव स्थिर करण्यापुरताच खर्च मिळतो. काउंटरवर पैशाचं बोलणं सुरू व्हायच्या आधी “हा रस्ता अपघात आहे, कॅशलेस योजनेत घ्या” असं योजनेचं नाव घेऊन सांगा. आणि घरात बीपीएल कार्ड असेल तर तेही त्याच वेळी दाखवा. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात अशा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या तीस टक्के. आक्काचं कार्ड ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं होतं. आम्ही दाखवलं नाही, कुणी मागितलं नाही, आणि आम्ही गेलो तो दवाखाना योजनेत नव्हता हे बिल भरल्यावर कळलं.

महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकनं तिला विरोध केला, त्यावर खूप बोलून झालंय. माझी भूमिका मराठी माणसाचीच आहे आणि ती लपवत नाही. पण रक्त वाहत असताना जी योजना हाताशी आहे ती वापरा. हक्काचं भांडण माणूस बरा झाल्यावर करू.

आता स्वतःच्या विम्याकडं येतो, कारण इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. दाजींच्या स्कूटरची थर्ड पार्टी पॉलिसी चालू होती. आक्का म्हणाली, “विमा हाय की आपला.” होता, पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली तर. आपल्या मोडलेल्या पायाला त्यातून काही नाही. त्याच पॉलिसीत गाडीमालक चालवत असताना लागू होणारा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मृत्यूला, कायमच्या अपंगत्वाला, हात-पाय-डोळा गमावला तर. दवाखान्याचं बिल त्यातून निघत नाही. लायसन्स चालू असावं लागतं, आणि मित्राची गाडी चालवत असाल तर तो विमा तुम्हाला नाही, मागं बसलेल्यालाही नाही. हप्त्याचे काहीशे रुपये वाचवायला बरेच जण ‘माझा दुसरीकडं विमा आहे’ अशी खूण करून तो काढूनच टाकतात. आपली पॉलिसी आज रात्री उघडून बघा.

बिलासाठी मेडिक्लेमच लागतो. नवीन घेतला की पहिले तीस दिवस आजाराला मिळत नाही, अपघाताला ही अट नसते. उद्यमबागला फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या पोरांना एक सांगणं. तुमचा ईएसआय, म्हणजे पगारातून कापला जाणारा कामगार विमा, भरला जात असेल, तर कामावर जाता-येताना झालेला अपघातही कामावरचाच धरला जाऊ शकतो. दवाखान्यात ईएसआयचा नंबर सांगा आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा.

आणि वीस रुपये. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, वर्षाला वीस रुपये, वय अठरा ते सत्तर, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर एक लाख. दाजींना यातून काही मिळालं नाही, हाड जुळलं की ते कायमचं अपंगत्व धरत नाहीत. पण आमच्या शेजारच्या गल्लीतलं एक पोरगं यंदा असंच गेलं. चोवीस वर्षांचं. गाडी मित्राची, म्हणून पंधरा लाखांचा प्रश्नच नव्हता. बारावं झाल्यावर त्याच्या आईनं पासबुक माझ्यापुढं ठेवलं, गॅसची सबसिडी आलीय का बघ म्हणून. मी वरून खाली बोट फिरवत आलो आणि मे महिन्यात वीस रुपयांची नोंद दिसली. पोरानं कधीतरी फॉर्म भरला होता, घरात कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशीच बँकेत दावा दिला, अपघातापासून तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो म्हणून. ते दोन लाख आले. कलम १६१ चे दोन लाख वेगळे, त्याचा अर्ज अजून चालू आहे.

एक राहिलं. गाडी सापडली तर चित्रच बदलतं. मग तिच्या थर्ड पार्टी विम्यातून ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे मोटार अपघाताच्या दाव्यांच्या कोर्टात, पूर्ण भरपाई मागता येते. आणि हा दावा आपण राहतो तिथंही करता येतो, अपघात कागलला झाला तरी बेळगावात. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा थांबू नका. आधी घेतलेले पन्नास हजार किंवा दोन लाख त्यातून वळते होतात, तरी फरक फार मोठा असतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांत वाटेवरचे पेट्रोल पंप, दूध डेअरी, साखर कारखान्याचं गेट, जिथं कॅमेरा असेल तिथं जाऊन या. जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं. आम्ही पाचव्या दिवशी गेलो. पंपावरच्या पोरानं प्रामाणिकपणे दाखवलं, पण त्या पहाटेचं काही शिल्लक नव्हतं. काचेची पिशवी पोलिसांकडं दिली, पंचनाम्यात तिची नोंद आहे.

पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. सोमवारी मी त्या पोराच्या आईबरोबर तहसील कार्यालयात जाणार आहे, चौकशी कुठवर आली ते विचारायला. कुणाच्या घरी असा अर्ज अडकला असेल किंवा केलाच नसेल तर एफआयआर आणि पासबुक घेऊन शनिवारी संध्याकाळी देवळासमोरच्या कट्ट्यावर या. कन्नडमधला कागद असेल तर मी वाचून देतो.