चहा तर स्वस्तच झाला होता

सव्वीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वाट्याला जेमतेम दोन तास यायचे. इंग्लंडने जाचक कर लादले, चहावर कर बसवला, लोकांनी चहा समुद्रात बुडवला, युद्ध झालं, देश स्वतंत्र झाला. मुलं पाठ करायची आणि मी बरोबरची खूण करायचे. मागच्या वर्षी लेकीकडे बोस्टनला तीन महिने राहिले. नातीला शाळेत हाच विषय होता. तिच्यासोबत मीही पुन्हा वाचायला बसले, आणि मी शिकवलेलं उत्तर किती अपुरं होतं ते कळलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत हा लेख पोचला तर त्यांनी तरी हे जरूर वाचावं.

१७७३ च्या चहाविषयीच्या कायद्याने अमेरिकेत चहा महाग झालाच नव्हता, स्वस्त झाला होता. ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती, लंडनच्या गोदामांत तिचा चहा पडून होता. तिला सावरण्यासाठी संसदेने तिला अमेरिकेत थेट माल पाठवायची मुभा दिली आणि इंग्लंडमधली जकात माफ केली. वसाहतींत भरायचा पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा ठेवला. तो भरूनही हा चहा आधीपेक्षा स्वस्त पडणार होता. तरी १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या धक्क्यावर तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात ओतल्या गेल्या. चोरटा चहा विकणाऱ्या व्यापाऱ्यांचं पोट यात दुखत होतं हे खरंच. पण त्या दिवशी ओल्ड साउथ सभागृहात हजारो माणसं जमली होती, ती सगळी काही चहाचे व्यापारी नव्हती.

लंडनचं म्हणणं ऐकलं तर ते वरवर चूकही वाटत नाही. १७६३ ला संपलेल्या सात वर्षांच्या युद्धात ब्रिटनचं कर्ज साधारण साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींवर गेलं. हे युद्ध अमेरिकेच्या रक्षणासाठीही झालं होतं, मग तिथल्या लोकांनी थोडा भार का उचलू नये? शिवाय इंग्लंडमधला माणूस वसाहतीतल्या माणसाच्या कितीतरी पट कर भरत होता. कराच्या ओझ्याने माणसं पेटतात हे खरं असतं, तर बंड लंडनमध्ये व्हायला हवं होतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा पुस्तकात नव्हता, म्हणून मी तो कधी शिकवलाच नाही. व्हर्जिनियात १६१९ पासून निवडून आलेली सभा होती. मॅसॅच्युसेट्समधल्या गावांत लोक एकत्र बसून रस्ता, शाळा, पाद्र्याचा पगार ठरवत. बहुतेक वसाहतींत राजाने पाठवलेल्या गव्हर्नरचा पगारसुद्धा तिथली सभाच मंजूर करायची. म्हणजे गव्हर्नर राजाचा असला तरी त्याला गावाचं ऐकावं लागे. १७६७ मध्ये काच, कागद, रंग, शिसं आणि चहा यांवर कर बसवला, तेव्हा त्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार द्यायचे असं ठरलं. वरून साधी हिशेबाची बाब, पण त्याने सभेच्या हातातली दोरीच कापली जात होती. पगार कोण देतो यावर माणूस कोणाचं ऐकतो ते ठरतं, हे आपल्याकडे कोणत्याही गावात विचारा. १७७० मध्ये बाकीचे कर उठवले आणि चहावरचा तेवढा ठेवला, तोही कर लावायचा हक्क आमचाच, हे दाखवायला.

लेव्ही प्रेस्टन नावाचे एक म्हातारे कॅप्टन होते, १७७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सैनिकांवर चालून गेलेले. नव्वदी ओलांडल्यावर एका तरुणाने त्यांना विचारलं, का लढलात? स्टॅम्प कर, म्हणजे कागदपत्रांवरच्या सरकारी शिक्क्याचा कर? त्यांनी स्टॅम्प कधी पाहिलाच नव्हता. चहा? त्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. मग म्हणाले, आम्ही आमचा कारभार आधीपासून स्वतः करत होतो, पुढेही करायचा होता, आणि त्यांना ते नको होतं. ही आठवण छापून यायला बरीच वर्षं लागली. तरी एवढं नेमकं उत्तर मी कोणत्याही क्रमिक पुस्तकात वाचलेलं नाही.

पण कारभार हातून जातोय म्हणून माणूस भांडतो, अर्ज करतो. वेगळी चूल मांडायला आणखी काहीतरी तुटावं लागतं. ते मला बेंजामिन फ्रँकलिन यांच्यात दिसलं. हा माणूस साम्राज्याचा खरा भक्त होता. लंडनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काढली, तिथे ते रमले होते. १७६५ मध्ये स्टॅम्प कर आला तेव्हा त्यांनी आपल्या एका मित्राला तो वसूल करायची नेमणूक मिळवून दिली, इतका त्यांना लोकांच्या रागाचा अंदाज नव्हता. २९ जानेवारी १७७४ ला लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळासमोर, त्यांना उभं केलं. सरकारी वकील वेडरबर्न तासभर त्यांची लाज काढत होता आणि बसलेले सरदार हसत होते. अडुसष्ट वर्षांचे फ्रँकलिन चेहऱ्यावरची रेषही न हलवता उभे राहिले. दोनच दिवसांत टपाल खात्यातली त्यांची जागा गेली. वर्षभराने ते घरी परतले ते राज्यकर्त्यांशी तडजोड होईल ही आशा सोडून. त्यांचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, तो राजाच्याच बाजूने राहिला, कैदेत गेला, शेवटी इंग्लंडला निघून गेला. बाप-लेक पुन्हा कधी मनाने जवळ आले नाहीत. हे वाचताना मला एका घराची वाटणी पाहिल्यासारखं झालं.

राष्ट्र म्हणाल तर ते तेव्हा नव्हतंच. १७५४ मध्ये ऑल्बनीला याच फ्रँकलिननी वसाहतींनी एकत्र यावं अशी योजना मांडली होती, एकाही वसाहतीने ती स्वीकारली नाही. त्यांना एकत्र आणलं ते लंडनने. चहाची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, तेव्हा दक्षिण कॅरोलायनासारख्या दूरच्या वसाहतीने बोस्टनला तांदूळ पाठवला. आज त्यांचं, उद्या आपलं, हे सगळ्यांना समजलं.

यात आपला बंगालही आहे, हे मला माहीत नव्हतं. नोव्हेंबर १७७३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन यांनी एका पत्रात बजावलं होतं की, कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, तिने धान्य दाबून ठेवलं आणि माणसं भुकेने मेली. बंगालच्या १७७० च्या दुष्काळातले मेलेले लोक बोस्टनच्या चहाच्या भांडणात साक्षीला उभे होते. आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांना शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाचच वर्षांनी गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला.

एक गोष्ट लपवणं मला पटत नाही. स्वातंत्र्याच्या या लढ्यात सुमारे पाच लाख गुलाम माणसं मोजलीच गेली नाहीत. १७६३ मध्ये राजाने ॲपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी घातली, ती मूळ रहिवाशांच्या जमिनीसाठी होती, आणि तीसुद्धा वसाहतवाल्यांना जाच वाटली. आपला कारभार आपण करू म्हणणाऱ्यांना दुसऱ्याचा कारभार दिसला नाही. त्याचं दुःख मला आहे, आणि नातीलाही मी ते सांगितलं.

परत येण्याआधी तिच्यासोबत जेफरसन यांचा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कच्चा मसुदा वाचला. राजाविरुद्धच्या तक्रारी संपल्यावर ते इंग्लंडमधल्या भाऊबंदांकडे वळतात. आपण दोघं मिळून एक स्वतंत्र आणि थोर लोक होऊ शकलो असतो, असं लिहितात, आणि त्यांच्यावरचं आपलं जुनं प्रेम आता विसरायला हवं, असंही. जुलै १७७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, मसुदा तपासला तेव्हा ही दोन्ही वाक्यं काढून टाकली. नातीने विचारलं, आजी, का काढली? मी तिला म्हटलं, ती वाक्यं खरी होती, म्हणून असेल.