पाटकऱ्याचं धान्य कोण देणार

भाऊ, तुमची कॉमेंट दोन दिवस नुसती वाचतोय. "गावात पोरांना काम नाही, पोरं अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर चाललीत आणि तुम्ही नाशकात बसून दगड जपा म्हणता, वारसा हा पोट भरलेल्यांचा छंद आहे" असं तुम्ही लिहिलंय, वर सिन्नरच्या तुमच्या काकांचंही सांगितलंय, गोंदेश्वराच्या जुन्या देवळाशेजारी घर म्हणून वरचा मजला चढवता आला नाही.

छंदवालं वाक्य झोंबलं, कारण अर्धं खरंय. मागच्या पोस्टमध्ये मी साल्हेरवर जरा वाहवतच गेलो होतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात आपल्या बागलाणातला साल्हेर, १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, मग काय, लिहून टाकलं की आता पायथ्याच्या गावांचं भलं होणार. कसं होणार ते लिहिलंच नाही. पहाटे नाशकातून गाडीत पाणी-नाश्ता भरून निघालेला माणूस संध्याकाळी घरी परत, गावात मागे राहतात ती चिप्सची पाकिटं. नाश्ता घरून नेण्याचा उद्योग मी स्वतः केलाय, पाकिटं मात्र परत आणली!

पण वारसा म्हटलं की किल्ला नाहीतर देऊळ, असं तुम्ही धरून चाललात तिथे माझं पटत नाही. तुम्ही मोसम नदीच्या खोऱ्यातले, तुम्हाला पाणी वाटायची फड पद्धत मी काय सांगणार, बाकीच्यांसाठी लिहितो. नदीला बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कमी असलं की अख्खा एक फडच कोरडा ठेवायचा, आणि बहुतेकांचे तुकडे सगळ्या फडांत विखुरलेले, त्यामुळे झळ बसली तर सगळ्यांनाच. पाणी आपल्या हाताने कोणी फोडायचं नाही, ते पाटकऱ्याचं काम, त्याबद्दल त्याला धान्य. ३००-४०० वर्षं हे चाललं. आमच्या आजोळी खळं झालं की आजी पाटकऱ्याचं आधी बाजूला काढायची, मग पोती घरात. पुढे विहिरी आल्या, मोटारी आल्या, ज्याची विहीर त्याला पाटकरी कशाला हवा, धान्य थांबलं तसा तोही थांबला. बंधाऱ्याचा दगड हललेला नाही अजून, पण पाटात बाभळी उगवल्यात.

म्हणून मला वाटतं भांडण जपायचं की नाही याचं नाहीच, राखणाऱ्याला काय मिळतं याचं आहे. आणि हे काही मी शोधलेलं नाही. नाशकाच्या पांडवलेण्यांत १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले, २००० महिना शेकडा एक दराने, १००० पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं वर्षाचं व्याज २४०, लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना कापडासाठी १२-१२. हिशोब पैशापर्यंत जुळतो बघा. म्हणजे डोंगरातलं लेणं चालायचं ते खालच्या गावातल्या मागांवर, आणि मागवाल्यांना धंद्याला भांडवल. हे गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरच्या वाटेवरचंच, आज आपण तिथून गाडी न थांबवता जातो.

आता तुम्ही म्हणाल, मग करायचं काय. सुशोभीकरण, कमान, सेल्फी पॉइंट यावर पैसा जातो त्यापेक्षा पाटाचा गाळ काढा, रोजगार हमीत ते काम बसतं. किल्ल्याखालचं पार्किंग ग्रामपंचायतीकडे द्या, जेवण घराघरांत ठेवा, त्यातून वाटाड्याला आणि झाडलोट करणाऱ्याला बारमाही पगार. एवढ्याने अंबडला गेलेली पोरं परत येतील असं मी म्हणणार नाही. दोन-चार घरं थांबतील, इतकंच.

काकांचं मात्र तुम्ही बरोबर बोललात, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे, त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीने. असलेल्या घराची दुरुस्ती मात्र परवानगी काढून करता येते, ती वाट बंद नाही. देऊळ सगळ्यांचं आणि मजला एकट्या काकांचा गेला, त्याबद्दल त्यांना कोणी दमडी दिली नाही. पाटकऱ्याचं धान्य थांबवल्यासारखंच आहे हे. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज केला असेल तर कागद मला पाठवा, मी बसून बघतो काय अडलंय ते.