महिनाभर न उघडलेली फाइल ‘कचरा’ कशी?

‘डाउनलोड्समध्ये महिनाभर न उघडलेली फाइल बहुधा नकोशीच असते, ती आपोआप पुसली गेलेली बरी’ हे संगणकाच्या साफसफाईवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आपल्याकडे डाउनलोड्स म्हणजे घरातलं कागदपत्रांचं कपाट असतं. सातबारा, वीजबिलं, विम्याची पॉलिसी, व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेले लग्नाचे फोटो, सगळं तिथेच पडतं. सातबारा कोणी दर महिन्याला उघडून बघतं का? वडिलांच्या ऑपरेशनचे रिपोर्ट मी असेच तिथे ठेवले होते. एका मोफत सफाई सॉफ्टवेअरने ते नेले, रिसायकल बिनमध्येही काही उरलं नव्हतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी जुना एमआरआय मागितला तेव्हा कळलं. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा अजून आठवतो.

विंडोजच्या स्टोरेज सेन्समध्ये, म्हणजे नकोशा फाइली आपोआप पुसणाऱ्या सोयीत, डाउनलोड्सचा पर्याय मुळात ‘कधीच नाही’वर असतो, आणि तो तसाच राहू द्यावा. लेखात हे यायला हवं होतं. शिवाय ऑक्टोबर 2018 चं विंडोज 10 चं 1809 अपडेट आठवा. काहींच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समधल्या फाइली गेल्या म्हणून मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच थांबवावं लागलं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा आणलं. त्याच आवृत्तीत डिस्क क्लीनअप या विंडोजच्या जुन्या सफाईच्या सोयीत, काय काय पुसायचं त्याच्या यादीत डाउनलोड्सही आलं होतं. वर्षानुवर्षं सगळ्या चौकटींवर टिक करून ओके दाबायची सवय लागलेल्या माणसाला हे कोण सांगणार?