मदत कशी दिली, हेही लोकांच्या लक्षात राहतं

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप पुन्हा उभा करण्यासाठी अमेरिकेने मदत दिली, ती मार्शल योजना. एका लेखात तिला निव्वळ औदार्य म्हटलंय, ते पटलं नाही. १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेने पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर दिले, त्यामागे कम्युनिस्टांना रोखण्याचा आणि स्वतःच्या मालाला गिऱ्हाईक टिकवण्याचा हिशेब होताच. तरी योजना चांगली होती, कारण गरजांचा आराखडा त्या देशांनी स्वतः एकत्र बसून मांडला. आणि पैसा फिरता राहिला. जर्मनीत त्याच निधीच्या बळावर वाढलेल्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने आपल्या नागपूर मेट्रोला कर्ज दिलंय.

आपल्या वाट्याला मात्र दुसरीच बाजू आली. १९६५-६६च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी पीएल-४८० या अन्नमदत कायद्याखालचा गहू मुद्दाम हात आखडून सोडला. भारताने शेतीधोरण बदलावं आणि व्हिएतनामबद्दल बोलू नये, हा त्यामागचा दबाव. माझी आई तेव्हा नारायण पेठेत रेशनच्या रांगेत तासन्‌तास उभी राहायची. पुढे खाल्लेल्या लाल मिलोच्या (अमेरिकेतून आलेल्या ज्वारीच्या) भाकरीची चव ती अजून विसरलेली नाही.

म्हणूनच भारताने अफगाणिस्तानात झरंज-देलाराम रस्ता आणि हेरात प्रांतात सलमा धरण बांधलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पुण्यात शिष्यवृत्तीवर शिकणारी अफगाण मुलंही त्याच धोरणाचा भाग. पण २०२१ मध्ये तालिबान आल्यावर भारताने आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि घरी गेलेले कित्येक विद्यार्थी तिकडेच अडकले. धरणाइतकंच या मुलांनाही आपण जपायला हवं होतं.